विजयमुहूर्तावरचं अपडेट

हातोदच्या एका मुलीची नोकरी आपण एका फोनवर वाचवली, असं सर अजून सांगत असतात. लग्नात सांगतात, बारशाला सांगतात, गेल्या महिन्यात कुणाच्या तरी साठीशांतीला सांगितलं म्हणे, आणि ऐकणाऱ्यांनी 'वा, वा' केलं. तो फोन झाला तेव्हा मी त्याच खोलीत होते. ती मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, मतलब सगळंच, सर कसे होते इथपासून. मी त्यांना अजून 'सर' म्हणते आणि 'ते' म्हणते. सवय आहे, आदर समजू नका.

सरांच्या मालकीची आमची कंपनी म्हणजे तुकोगंज भागात एका दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. खालून ड्रिलचा आवाज, वर आम्ही सात जण. पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटचं नाव टाका, हिमोग्लोबिन टाका, साखर टाका, रिपोर्ट छापा. बस, एवढंच. पण सर त्याबद्दल बोलायला लागले की वाटावं, आत किल्ल्याचे नकाशे दडवलेत. त्यांच्या पूर्वजांनी म्हणे संस्थानाच्या ड्योढीवर पहारा दिला होता, तीन पिढ्या, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्या दारातून चिमणीसुद्धा आत गेली नाही. नव्या माणसाला हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागायचं. माझ्या पाळीला मी म्हणाले, "सर, चिमण्या वरून जातात." त्यांना ते आवडलं नाही. पुढे आठवडाभर माझ्याशी शुद्ध पुणेरी मराठीत बोलत होते.

ती एक वेगळीच तऱ्हा. गिऱ्हाईकाशी बोलताना 'भिया', म्हणजे भैया, म्हटल्याशिवाय वाक्य सुरू व्हायचं नाही, पण आम्हा मराठी लोकांसमोर एकदम 'कृपया' आणि 'तत्पूर्वी'. मी महूची, माझ्या बोलण्यात हिंदी आलं की भुवई वर. "महूची मराठी ही अशीच," म्हणायचे, इतरांना ऐकू जाईल असं. ऑफिसात पाठीमागे त्यांना सगळे 'सुभेदार' म्हणत. मी नाही म्हटलं कधी. माझे आजोबा महूच्या लष्करी छावणीत खरेखुरे सुभेदार होते, साध्या शिपायापासून चढत गेलेले, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला घराणं सांगितलं नाही. सांगायला होतं काय, जे होतं ते खांद्यावर होतं.

सरांची खरी कला फोनवर. लॅबवाल्याचा फोन आला की ते तो स्पीकरवर टाकायचे, खुर्चीत रेलायचे आणि डोळे मिटायचे. समोरच्याचा स्क्रीन इथे बसून बघायची सोय आमच्याकडे होती, माउससुद्धा हलवता आला असता. सरांनी ती कधी वापरली नाही. "वैद्य नाडी बघतो, पोट फाडून नाही बघत." मग डोळे मिटूनच सुरू: "भिया, नीचे दाहिने कोने में छोटा सा तीर है. दबाओ. ढाल दिखी? हरी के लाल? लाल? आने दो. उस पे राइट क्लिक." कुठल्या अँटिव्हायरसचं बटण कुठे, नव्या आवृत्तीत ते कुठे सरकलं, सगळं तोंडपाठ. हे मी मान्य करते. देवासच्या एका म्हाताऱ्या टेक्निशियनला स्क्रीनवर लाल चौकट बघून घाम फुटला होता, आपल्या हातून काहीतरी झालं असं सारखं म्हणत होता, त्याला सर म्हणाले, "दादा, पहले पानी पियो. मशीन कहीं नी जा री." आणि तो माणूस खरंच शांत झाला. असं बोलणं सगळ्यांना जमत नाही. सरांना जमत होतं, म्हणूनच तर जास्त चीड येते.

पाणी पिऊन झालं की ठरलेलं वाक्य. "कुत्ता है भिया, घर के समधी पे भी भौंकता है. पाँच मिनिट बाँध दो." कुत्रा म्हणजे अँटिव्हायरस, आणि व्याही म्हणजे आमचं नवं अपडेट. गिऱ्हाईक अँटिव्हायरस बंद करायचं, अपडेट चढायचं, गिऱ्हाईक "मान गए साहब" म्हणायचं आणि सर डोळे उघडून आमच्याकडे बघायचे. आम्हीही मान डोलवायची, तो नोकरीचाच भाग होता. मग खिशातून जिरावणाची डबी निघायची. जिरावण म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो मसाला. सर तो दाण्यांवर घालत, पेरूवर घालत, एकदा ग्लुकोजच्या बिस्किटावर घालताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र ते कधीच सांगत नसत. बांधलेला कुत्रा परत सोडा, हे. विजय झाला, विषय संपला. मग सर जेवायला घरी गेले की इरफान भिया आणि मी यादी घेऊन बसायचो. इरफान भिया सपोर्टला होता, माझ्या शेजारचं टेबल. एकेकाला फोन: "वो चालू कर लो भाई साहब. हाँ, वही, जो सर ने बंद करवाया था." निम्म्या लॅबमध्ये अँटिव्हायरस चार-चार दिवस बंद पडलेला असायचा. इरफान भिया म्हणायचा, "दरवाजा सर खुलवाते हे, कुंडी अपन लगाते हे." आणि सरांना वाटायचं, सगळं त्यांच्या नाडीपरीक्षेवर चाललंय.

आता हे भुंकणं मुळात होत कशाला होतं, ते सांगते. अपडेट म्हणजे प्रोग्रामची नवी फाइल. अँटिव्हायरसनं ती आधी बघितलेली नसते, त्यामुळे तो विचारणार, तू कोण. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असली आणि अँटिव्हायरस बनवणाऱ्यांकडे ती दोन-चार दिवस आधी तपासायला पाठवली, तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. त्यांचे फॉर्म असतात, भरले की झालं. त्यातूनही एखादा अडलाच तर गिऱ्हाईकाला आपला एक फोल्डर सोडून द्यायला सांगायचं, अख्खा पहारा उठवायचा नाही. हे काही मी शोधून काढलं नाही. जगात सगळे करतात.

सही करा म्हटल्यावर सर म्हणाले, "आमच्याकडे ओळख मागणारा हा कोण?" आणि फॉर्मचं नाव काढलं तर खुर्चीतून उठलेच. "आपण अर्ज करायचा? आपण? अगं, आमच्या घराण्यात अर्ज घेत असत, देत नसत!" समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत म्हणाले, जसा काही तिथे दरबार भरलाय.

आणि यावर कळस म्हणजे चिलखत. सरांकडे कोणे एके काळची एक सीडी होती. तिच्यातलं एक टूल आमच्या फाइलीला असं घट्ट गुंडाळायचं की आतला कोड कुणाला दिसू नये. सर त्याला चिलखत म्हणायचे. कुणीतरी आपला कोड चोरणार ही त्यांची पक्की खात्री. आमच्या कोडमध्ये चोरण्यासारखं होतं काय, तर साखर ठरावीक आकड्याच्या वर गेली की ती ठळक छापायची, एवढी अक्कल. पण खरे व्हायरस बनवणारे लोक आपली फाइल अशीच गुंडाळतात, नेमकी अशाच जुन्यापुराण्या टूलनं, म्हणून अँटिव्हायरसला तसली फाइल दिसली की तो आधी पकडतो आणि मग विचार करतो. म्हणजे आपल्या व्याह्याच्या तोंडाला फडकं बांधून सर त्याला लोकांच्या घरी पाठवायचे, आणि कुत्रा भुंकला की कुत्र्याला मूर्ख म्हणायचे.

मी एकदा मुद्दाम चिलखताशिवाय फाइल बनवली. तीन मशीन, तीन वेगळे अँटिव्हायरस. एकानंही हूं की चूं केलं नाही. उत्साहानं सरांना बोलावलं. त्यांनी तिन्ही स्क्रीन बघितले, चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, आता म्हणतील शाब्बास.

"बघितलंस?" सर म्हणाले. "भुंकला नाही. म्हणजे झोपलाय. उद्या खरा चोर आला तर?"

भुंकला तर मूर्ख, नाही भुंकला तर झोपलेला. इरफान भियानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, गप बस म्हणून. सर जाता जाता म्हणाले, "चिलखताशिवाय माझा एकही शिपाई बाहेर जाणार नाही." त्या दिवशी मला कळलं की या माणसाला अलार्म बंद करायचेच नाहीत. अलार्म बंद झाले तर फोन कोण करणार, आणि डोळे मिटून बोलायचं कुणाशी? वर्षाला एक मोठं अपडेट, त्याचा आठवडाभर गोंधळ, तेवढाच आठवडा सर जगायचे. बाकी वर्षभर जिरावण.

आणि ते मोठं अपडेट कधी, तर दसऱ्याला. दसरा म्हणजे सीमोल्लंघन, सीमोल्लंघन म्हणजे अपडेट. दुपारचा विजयमुहूर्त काढलेला असायचा. सर घरून एक गंजलेली कट्यार आणायचे, रेशमी फडक्यात. सर्व्हरला झेंडूची माळ, कट्यारीला हळदकुंकू, कीबोर्डवर आपट्याचं पान. अक्षता अशा जोरात टाकायचे की दोन-चार दाणे बटणांच्या फटीत जायचे आणि मग दिवाळीपर्यंत 'स' उमटायचा नाही. मुहूर्ताचं मिनिट आलं की सर कट्यारीच्या टोकानं एंटर दाबायचे. त्या बटणावर ओरखडे पडले होते. एंटर दाबून म्हणायचे, "निघाली स्वारी." आणि आम्ही सात शहाणीसुरती, शिकलेली माणसं टाळ्या वाजवायचो.

विजयादशमी आमच्या घरी दीक्षेचा दिवस. सकाळी विहारात वंदना, पांढरे कपडे, सगळे नातेवाईक, आईच्या हातची खीर. पहिल्या वर्षी मी सुट्टी मागितली. सर म्हणाले, "तुमचं काय ते सकाळी आटपतं ना? मुहूर्त दुपारचा आहे." तुमचं काय ते! पाच वर्षं मी वंदनेतून उठून, पांढऱ्या साडीत, महूहून बस पकडून तुकोगंजला आले, कट्यारीला टाळ्या वाजवायला. हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढे यायची, मी नको म्हणायचे, सर दरवर्षी तेच म्हणायचे, "हे धार्मिक नाही, सांस्कृतिक आहे." पाचव्या वर्षी मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि टेबलावर ठेवली. बोलले काही नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सरांचा उपास, आणि लॅबा उघडल्या की फोनची झोड. साबुदाण्याच्या खिचडीवर जिरावण घालून सर सकाळपासून सज्ज. त्या पाचव्या वर्षी फोन काही थांबेनात. चिलखत आणखी जुनं झालेलं, अँटिव्हायरस आणखी हुशार झालेले. आमची फाइल नुसती अडवून ते थांबत नव्हते, उचलून कोंडून ठेवत होते. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडतच नव्हतं. रिपोर्ट अडकले. सर मात्र खुशीत. "लाल डिब्बा आया? आने दो."

त्या फोनमध्ये एक हातोदचा होता. रेखाचा. रेखा तिथल्या लॅबमध्ये टेक्निशियन, वय पंचविशीच्या आतलं, आवाजानं मला ओळखायची, 'दीदी' म्हणायची. रक्त काढण्यापासून झाडू मारण्यापर्यंत लॅब तीच चालवायची. मालक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार, रोजची देखरेख त्यांच्या पुतण्याची. संध्याकाळी तिचा नंबर लागला, सरांनी डोळे मिटून अँटिव्हायरस बंद करवला, फाइल सोडवली, रिपोर्ट छापले गेले. सरांच्या दृष्टीनं किस्सा खतम.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला रेखा ऑफिसात उभी. हातोदहून पहिल्या बसनं आलेली. झालं होतं असं. एकादशीला सकाळी तिनं लॅब उघडली, आणि आपल्या परीक्षेचा फॉर्म छापायला पेन ड्राइव्ह लावला. तेवढ्यात आमचं अपडेट उतरलं आणि लाल चौकट आली. चौकटीत शब्द होता ट्रोजन. पुतण्यानं पेन ड्राइव्ह बघितला आणि काकांना फोन केला, रेखा व्हायरस घेऊन आली. दिवसभर पेशंट दारात ओरडत होते, कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. रेखानं सांगितलं की कंपनीवाले सर म्हणतात फॉल्स अलार्म आहे. पुतण्या म्हणाला, कंपनीवाले तर हेच म्हणणार. मग डॉक्टर म्हणाले, कंपनीकडून लिहून आण. सोमवारपर्यंत कागद आला नाही तर येऊ नकोस.

"मैंने कुछ नी करा दीदी," ती म्हणाली. "बस लिख के दे दो, इतना ही."

हातोदला लॅब दोनच, आणि दुसऱ्या लॅबचे मालक या डॉक्टरांचे साडू. इथून 'व्हायरस लाई' म्हणून काढली की तिथलंही दार बंद. घर तिच्या पगारावर. हे तिनं रडून नाही सांगितलं, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

तिनं मोबाइलमध्ये त्या लाल चौकटीचा फोटो काढून आणला होता. मी मोठा करून बघितला. फाइलचं नाव आमचं, फोल्डर आमचा, वेळ अपडेट उतरल्याची. पेन ड्राइव्हचा काही संबंध नाही, कुणा शेंबड्या पोरालाही समजलं असतं. मी जागच्या जागी पत्र टाइप केलं, हिंदीत, चार ओळी. अँटिव्हायरसने पकडलेली फाइल आमच्या कंपनीची आहे. ती धोकादायक नाही, आमच्या फाइल बनवण्याच्या पद्धतीमुळे असा खोटा इशारा येतो. तुमच्या पेन ड्राइव्हचा किंवा कर्मचाऱ्याचा यात दोष नाही. तसदीबद्दल क्षमस्व. लेटरहेडवर छापलं, सरांपुढे ठेवलं, पेनही ठेवलं.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीपर्यंत जाऊन दुसरीवर परत आले.

"आमच्या पद्धतीमुळे?"

"हो सर."

"आणि क्षमस्व?"

"सर, तीच तर गोष्ट तुम्ही कालपासून सगळ्यांना फोनवर सांगताय. फॉल्स अलार्म."

"फोन वेगळा, कागद वेगळा." त्यांनी पत्र दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "कागद उद्या दुसऱ्या लॅबवाल्याच्या हातात जाईल. तो म्हणेल, यांच्याच फाइलीत खोट. तोंडानं मी हजारदा सांगीन. लिहून आमच्यापैकी कुणी कधी दिलेलं नाही."

मी म्हणाले, "सर, तिची नोकरी जाईल."

"कोण म्हणतं जाईल?" सर एकदम फुलले. "अगं, मी आहे ना."

रेखाला त्यांनी बसवलं, चहा सांगितला, दाण्यांवर जिरावण घालून पुढे केलं. ड्योढीची गोष्ट सांगितली, चिमणीसकट. ती बिचारी मान डोलवत होती आणि माझ्याकडे बघत होती, कागद कधी मिळणार म्हणून. मग सरांनी डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर. रेलले, डोळे मिटले. मला वाटलं, चला, निदान तोंडानं तरी खरं सांगतील. इतका मूर्खपणा मी पुन्हा कधी केला नाही.

"डॉक्टर साहब, वो आपकी लड़की आई है यहाँ. अरे भिया, छोटी बच्ची है, हो जाती है गलती. मैं कह रिया हूँ ना, इस बार माफ कर दो. मेरी तरफ से."

रेखा उभी राहिली. हातातले दाणे तसेच. "सर, गलती? मैंने तो कुछ करा ही नी."

सरांनी डोळे न उघडता तिच्याकडे तळहात केला. गप. मला मराठीत म्हणाले, "काम होतंय, हिला बसव."

फोनवर डॉक्टर म्हणाले, "अब आप इतने बड़े आदमी कह रहे हो तो रख लेता हूँ. एक माफीनामा लिख के दे दे, बात खतम."

"दे देगी, दे देगी," सर म्हणाले. फोन ठेवला, डोळे उघडले आणि आमच्याकडे बघितलं. मान डोलवण्याची वेळ झाली होती. इरफान भिया खाली बघत होता. मी रेखाकडे बघत होते. सर दुखावले. "एका शब्दावर काम केलं पोरीचं," ते म्हणाले, "लोकांना किंमत नाही."

गुन्हा स्वतःचा, आरोपी दुसरी, आणि माफी मिळवून देणारे पुन्हा हेच! असा माणूस मी ना आधी पाहिला, ना नंतर. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी लबाडी केली नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण उपकार केला. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

सर जेवायला गेले. मी तेच पत्र पुन्हा छापलं, खाली माझं नाव, माझी सही. शिक्का इरफान भियानं सरांच्या खणातून काढून दिला. बस स्टँडपर्यंत रेखाबरोबर चालत गेले आणि पत्र तिच्या हातात दिलं. म्हणाले, माफीनामा लिहू नकोस, हे दे. तिनं ते तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं, घडी न घालता पिशवीतल्या फाइलीत ठेवलं, आणि माझा हात धरला. बस सुटली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, पत्र दिलंय. ते म्हणाले, "माझ्या शिक्क्यानं?" हो म्हटलं. "माझ्या ड्योढीतून कागद बाहेर नेलास तू." मला वाटलं काढतील. काढलं नाही. इरफान भियाला हाक मारून शिक्का कपाटात ठेवायला सांगितला, चिलखताच्या सीडीजवळ, आणि किल्ली जानव्याला बांधली. महिन्याअखेर मीच नोकरी सोडली. शौर्य वगैरे काही नाही, दुसरी मिळाली होती. या नव्या ठिकाणी फाइलींवर सही असते, तपासणीचे फॉर्म मी भरते, वर्षाकाठी एखाद-दुसरा फोन येतो. दसऱ्याला सुट्टी असते.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ती साठीशांतीची बातमी कानावर आली आणि माझं डोकं फिरलं. एका फोनवर नोकरी वाचवली म्हणे! वाचली ती माझ्या पत्रामुळे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिला फोन करून कधी विचारलं नव्हतं, कशाला विचारायचं, उपकार मोजल्यासारखं होतं. आता मात्र राहवेना. नंबर तोच होता. तिनं लगेच ओळखलं.

"नौकरी चालू है दीदी, वहीं हूँ," ती म्हणाली. आवाज खुश होता.

मी विचारलं, पत्र बघून डॉक्टर काय म्हणाले होते?

ती म्हणाली, "वो मैंने दी नी थी दीदी. डॉक्टर साहब तो माफ कर चुके थे ना. फिर चिट्ठी देती तो उनको लगता, लड़की अब हमको गलत बता रही है. माफीनामा लिख दिया, बस हो गया. आपकी चिट्ठी सँभाल के रखी है, मार्कशीट के साथ."

"माफीनामा लिख दिया?" मी विचारलं. ती समजली असावी, कारण घाईघाईनं मलाच समजावायला लागली.

"आप बुरा मत मानना. सर ने अच्छा ही करा, नौकरी तो है. बस सुबह अंदर जाने से पहले भतीजे को पर्स खोल के दिखाना पड़ता है, कि पेन ड्राइव तो नी लाई. रोज. दो सेकंड का काम है दीदी, अब तो मैं खुद ही खोल के खड़ी हो जाती हूँ."